हनुवटी धरणारी

४ फेब्रुवारी

लागली एकदाची नोकरी! पहिल्याच दिवशी बसायला खुर्ची मिळाली आणि हातात चहाचा कप. आधीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात खुर्ची फक्त पेशंटला होती आणि चहा फक्त डॉक्टरला. तिथून मला काढलं ते माझ्या तोंडामुळे, असं आई म्हणते. खरं आहे. एका म्हाताऱ्याला सकाळपासून उपाशी ताटकळत ठेवलं होतं आणि डॉक्टर आत फोनवर गप्पा झोडत होता, म्हणून मी दार उघडून त्याला चार शब्द सुनावले. पुन्हा वेळ आली तर आठ सुनावीन. जाऊ दे, झालं ते झालं.

हा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू आहे. बाहेरच्या खोलीत फिक्या हिरव्या भिंती, कुंडीत खरी झाडं, आणि एक जाड काचेचं दार, जे आपोआप मिटतं. इथे एकच काम होतं. हनुवटीखालची चरबी सुया टोचून वितळवायची. सर्दी नाही, खोकला नाही, किंचाळणारी पोरं नाहीत. मला आधी हसूच आलं. आमच्या घरात हनुवटीखाली दुसरी हनुवटी ही वडिलोपार्जित इस्टेट आहे. आजीला होती, आईला आहे, धाकट्या बहिणीला आहे. मी तेवढी वडिलांवर गेले, बगळ्याची मान घेऊन.

डॉक्टर मॅडम चाळिशीच्या की साठीच्या, कळत नाही. आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागतं. काम त्यांनी स्वतः समजावलं. आधी गळा स्पिरिटने पुसायचा. मग ओला कागद दाबून निळ्या ठिपक्यांची जाळी उमटवायची. प्रत्येक ठिपक्यावर एक बारीक सुई. औषध चरबी फोडतं आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर ती धुऊन टाकतं. थोडा वेळ आग होते, चार दिवस गळा बेडकासारखा सुजतो, मग सगळं सपाट. आणि मी काय करायचं? पेशंटच्या मागे उभं राहून तिची हनुवटी तळहातात धरायची. हलू द्यायची नाही. तेही हातमोजे न घालता. रबर लागलं की बाई दचकते आणि सुई चुकते, असं त्या म्हणाल्या. माझे दोन्ही हात हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, की छान गरम आहेत.

सरावाला समोर बसवली ती माझ्याआधी हे काम करणारी. आता ती बाहेर टेबलावर बसणार आहे. मानच दिसत नव्हती तिची, हनुवटीपासून थेट गळपट्टीपर्यंत एकच गोळा. आणि तोंडाचा पट्टा असा की मी पण गार झाले! आल्या आल्या माझ्यावर खेकसली, की माझं शिवणाचं मशीन कुणी विकलं. मी कशाला विकते हिचं मशीन? मनात म्हटलं, वाघीण आहे, हिचं माझं जमणार. मी हनुवटी धरली तशी तिने माझं मनगट पकडलं आणि हात नको लावू, हात नको लावू म्हणत राहिली. सुईला घाबरत असेल बिचारी. स्टाफला एकाच बैठकीत सगळं उरकतात म्हणे. सुया संपेपर्यंत ती शांत झाली होती. उठताना माझ्याकडे बघून हसलीसुद्धा.

आई भांग पाडताना अशीच हनुवटी धरायची, ते आठवलं. कोण म्हणेल मी नोकरी करते म्हणून!

११ फेब्रुवारी

आज मास्तरीणबाई आल्या. गणित शिकवतात. दिलेली वेळ टळून गेली म्हणून त्यांनी आम्हा सगळ्यांना असं फैलावर घेतलं की शेजारच्या दोघी उठून उभ्याच राहिल्या. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. वर्गातली पोरं पाठीमागे बेडूक म्हणतात, म्हणून आल्या आहेत. पण खरं दुखणं वेगळंच निघालं. हनुवटी माझ्या हातात आणि तोंड चालूच. ज्या पोरसवदा माणसाला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं, तोच आता मुख्याध्यापक होऊन त्यांना वर्गात कसं उभं राहायचं ते शिकवतो. बोलताना त्यांची हनुवटी माझ्या तळव्यावर धडधडत होती.

घरी सांगितलं तर धाकटीने लगेच मास्तरीणबाईंची नक्कल करून दाखवली. न पाहिलेल्या माणसाचीही नक्कल करते, कमाल आहे पोरीची. जून महिन्यात तिचं लग्न. होणाऱ्या सासूबाईंनी परवा फोनवर सुचवलं, की फोटोत तेवढी हनुवटी जरा सांभाळ. धाकटीने तिथल्या तिथे उत्तर दिलं, की फोटोसाठी मान कापून पाठवू का. आई कपाळावर हात मारून बसली, आणि मी हसून हसून लोळले. या घरात आम्हा दोघींच्या जिभेला हाड नाही आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण नंतर तीच गुपचूप मला विचारत होती, की खरंच दुखत नाही ना. स्टाफच्या घरच्यांना फुकट आहे. मी उद्याच मॅडमना विचारून तिचं नाव घालते. करायचं ते स्वतःसाठी कर, सासूसाठी नको, असं बजावलं तिला.

२० फेब्रुवारी

नाव घातलं. एप्रिलची अठ्ठावीस तारीख मिळाली.

वाघिणीची सूज उतरली. गळा सुरईसारखा झाला आहे. पण बाई पार बदलली. टेबलाशी बसून दिवसभर मंद हसते. काल एका गिऱ्हाइकाने तिच्या अंगावर कॉफी सांडली, तर हिनेच माफी मागितली. आता मी तिला साखर म्हणते. तोंडावर म्हटलं तरी हसते. मला मात्र आधीचीच आवडली होती.

आज एक विचित्र झालं. खालच्या मजल्यावरचा शिंपी लिफ्टमध्ये भेटला आणि मी त्याच्यावर ओरडले. काय ओरडले? माझं शिवणाचं मशीन कुणी विकलं म्हणून! मला साधं बटण लावता येत नाही. तो बापडा भिंतीला चिकटून उभा राहिला. वाघिणीचं वाक्य कानात राहिलं असेल, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. तिला विचारलं, की बाई, तुझं मशीन विकलं तरी कुणी. ती हसून म्हणाली की तिच्याकडे मशीन कधी नव्हतंच.

५ मार्च

हात कितीही धुतले तरी तळव्यात कोमटपणा राहतो. कपभर दूध हातात धरून ठेवल्यासारखा. वाईट नाही वाटत, फक्त जात नाही.

आज एक आजीबाई होत्या. इतक्या हलक्या की खुर्चीवर बसल्याचं कळलं नाही. लेकीने आणलं होतं. लेक दारातूनच सांगत होती, की आईचा गळा लोंबतो आणि चार लोकांत बरं दिसत नाही. घर लेकीच्या नावावर झालं तेव्हापासून आजीबाई स्वयंपाकघरात झोपतात. हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं. सकाळी लवकर उठायला सोपं पडतं म्हणे. मी तर पेटलेच. तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीला दोन शब्द ऐकवायला वळणार होते, तेवढ्यात मॅडमनी डोळ्यांनी खुणावलं, की हनुवटी.

धरली. त्या हलक्या बाईच्या हनुवटीखाली एवढं काय जड होतं कोण जाणे. हात खांद्यापर्यंत भरून आला.

१४ मार्च

मास्तरीणबाईंची दुसरी बैठक. त्यांच्या आधी दुसरीच बाई आत घुसली. मी बाह्या सरसावून वाट बघत होते, की आता होणार तमाशा. मास्तरीणबाई म्हणाल्या, की असू दे, त्यांना घाई असेल.

सुया टोचताना मी मुद्दाम मुख्याध्यापकाचं विचारलं. बरे आहेत म्हणाल्या. खूप शिकायला मिळतं त्यांच्याकडून.

मला का कुणास ठाऊक, रडू आलं.

२३ मार्च

आता हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. काल बसमध्ये तिकीट देणाऱ्याने मला पुढे सरकायला सांगितलं. त्यावर मी अख्ख्या बसला ऐकू जाईल अशी कडाडले, की मी शिकवलेल्या माणसाने मला शिकवू नये. तो तिशीचा आणि मी पस्तिशीची. मी कधी शिकवलं याला? आवाज माझा होता, पण ठसका मास्तरीणबाईंचा. बोलून झाल्यावर फार बरं वाटलं, आणि त्याचीच भीती वाटते.

माझा राग मला ओळखू येतो. लहानपणापासून वागवते आहे मी त्याला. हा माझा नाही.

आईने आज निरखून बघितलं आणि म्हणाली, की नोकरी मानवली तुला, गळा भरला. आरशात पाहिलं. बगळ्याची मान गेली. हनुवटीखाली मऊ पिशवी आली आहे, आमच्या घरच्यांसारखी नाही, त्याहून खाली लोंबणारी. बाकी अंग आहे तसंच. कपडे उलट सैल होतात.

३ एप्रिल

सकाळी दात घासताना गळा हलला. गिळताना हलतो तसा. मी गिळत नव्हते. तोंडात ब्रश तसाच धरून बघत राहिले. पुन्हा हलला.

मग असा संताप आला की ब्रश मोडून टाकला. माझ्या गळ्यात माझ्या परवानगीशिवाय कोण काय गिळतंय?

गल्लीतल्या डॉक्टरला दाखवलं. साधी चरबी आहे म्हणाला, आणि हसून म्हणाला की तुम्ही तर योग्य ठिकाणीच नोकरीला आहात. त्याला मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यातलं थोडंसं माझं होतं.

१४ एप्रिल

काहीही झालं तरी लिहिणारच. लिहिताना माझेच शब्द येतात. बोलताना आता भरवसा नाही.

मास्तरीणबाईंची तिसरी बैठक झाली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. त्या बाहेर पडल्या, चौकटीला धरून वळल्या, मान लववून माझा निरोप घेतला आणि ते काचेचं दार मिटलं. त्यांची बोटं चौकटीत होती. दार जाड आहे. मला आवाज ऐकू आला.

त्या ओरडल्या नाहीत. काचेपलीकडे उभ्या होत्या आणि हसत होत्या. डोळ्यांतून पाणी धो धो वाहत होतं, गाल भिजले, गळा भिजला, आणि तोंड तसंच हसरं. मी धावत जाऊन दार ढकललं. बोटं काळीनिळी पडली होती. त्यांनी ती पदराखाली लपवली आणि म्हणाल्या, की चूक माझीच, तुम्हाला उगाच त्रास.

ज्या बाईने पहिल्या दिवशी सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता ती बाई!

आणि ओरडलं कोण? मी. माझ्या तोंडून ती किंकाळी निघाली. माझी बोटं ठीक होती. किंकाळी त्यांची होती, आली माझ्या गळ्यातून. बाहेर बसलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. साखर हसत होती.

१५ एप्रिल

मॅडमच्या खोलीत गेले. म्हटलं, तुम्ही चरबी वितळवत नाही. त्या नाही म्हणाल्या नाहीत. टेबलावरचा कागद सरळ केला आणि सांगितलं, की चरबी शरीर धुऊन टाकतं, पण बायकांच्या गळ्याखाली आणखीही बरंच साठलेलं असतं, ते धुतलं जात नाही. ते कुठेतरी जायला हवं. केर काढला की टोपली लागतेच.

टोपली. मला टोपली म्हणाली ती बाई, त्याच मऊ आवाजात!

मी म्हणाले, तो केर नाही. तो राग होता. त्या बायकांचा होता, त्यांनी तो आयुष्यभर खस्ता खाऊन कमावला होता. मास्तरीणबाईंकडे दुसरं होतं काय? मॅडम म्हणाल्या, की हलकं व्हायला त्या आपल्या पायांनी येतात. आजवर एकीनेही परत मागितलं नाही.

कसं मागतील? मागायला जे लागतं तेच तर काढून घेतलं.

वाघीण माझं मनगट धरून हात नको लावू म्हणत होती. सुईला घाबरत नव्हती ती. मला सांगत होती. आणि शिवणाचं मशीन तिचंही नव्हतं. तिच्याआधी कुणी हनुवटी धरत असेल, तिच्याही आधी कुणी. कोण जाणे कुठल्या बाईचं मशीन कुणी परस्पर विकलं, ती केव्हाची मेलीही असेल. आणि तिचा जळफळाट आज माझ्या गळ्यात बसला आहे.

१७ एप्रिल

नोकरी सोडली नाही. सोडून काय, गळा थोडाच उतरणार आहे. त्यापेक्षा आत राहून एकेकीला हाकलून लावीन असं ठरवलं.

बाहेरच्या खोलीत उभी राहिले. नव्या बायका बसल्या होत्या. सांगायचं एवढंच होतं, की पळा, ही बाई तुमचा राग काढून घेते. तोंड उघडलं आणि गळ्यातल्या सगळ्या एकदम बाहेर आल्या. एका दमात मी शिवणाचं मशीन मागितलं, मुख्याध्यापकाला शिव्या घातल्या, कुणाच्या तरी दिराला थू म्हटलं, कुणाच्या तरी मेलेल्या नवऱ्याला उठून बस म्हटलं. स्वतःचा एक शब्द मध्ये घुसवता येईना. बायका घाबरून भिंतीला सरकल्या. एक म्हणाली, की रागाने माणसाचं बघा कसं होतं. आणि नंबर पुढे सरकला म्हणून उठून आत गेली.

मॅडमनी मला काढलंही नाही. पाणी दिलं आणि हनुवटी धरायला बोलावलं. खुर्चीवरची बाई घाबरून माझ्याकडे मान उलटी करून बघत होती. मी नाही धरली तर मॅडम सुई तशीच मारणार होत्या.

धरली मी. स्वतःचीच चीड येते.

२० एप्रिल

घास गिळताना त्रास. दोन-तीनदा अडकला. आडवं झालं की गळ्यावर वजन येतं.

साखरेला हलवून हलवून विचारलं, की तुला आठवतं का, तू कशी होतीस. म्हणाली, आता छान वाटतं.

धाकटीचं नाव रद्द करायला सांगितलं. म्हणजे सांगायला गेले. तोंडून निघालं वेगळंच. साखरेने हसून मान डोलावली. काही खोडलं नाही.

२२ एप्रिल

आता धाकटीलाच गाठायचं. दिवसभर पाठ केलं. जाऊ नकोस. दोनच शब्द.

ती आरशासमोर लग्नाची साडी खांद्यावर टाकून बघत होती. खुशीत होती. आजीची हनुवटी, आईची हनुवटी, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर, आणि मला वाटलं जगात याहून सुंदर काही नाही. मी तोंड उघडलं.

तू जन्मली नसतीस तर बरं झालं असतं.

असं म्हणाले. मी! स्पष्ट, हळू आवाजात. आजीबाईंचं वाक्य होतं ते. त्यांनी जन्मात कधी स्वतःच्या लेकीला म्हटलं नाही, गिळून गिळून ठेवलं, आणि माझ्या तोंडून ते माझ्या बहिणीच्या तोंडावर गेलं. ज्या पोरीला मी कडेवर घेऊन वाढवली तिला.

ती भांडली असती तर चाललं असतं. ती साडीची घडी घालायला लागली.

२३ एप्रिल

सगळं कागदावर लिहून तिच्या उशीवर ठेवलं. राग, हनुवटी, टोपली, मशीन. वाचून धावत आली आणि गळ्यात पडून रडली. बोललेलं सगळं माफ केलं. म्हणाली, की ताई, तुला बरं नाही, मला आधीच कळायला हवं होतं. राग वितळवतात असं कुणी शहाणं माणूस लिहील का. तुझा गळा तरी बघ.

मी हातवारे केले. कागदावर बोट ठेवून ठेवून दाखवलं. ती माझे हात धरून शांत हो, शांत हो म्हणत राहिली. खरं बोललं तर वेडी, न बोललं तर आजारी!

२५ एप्रिल

धाकटी दवाखान्यात गेली. माझ्यासाठी भांडायला. माझ्या बहिणीची काय हालत केलीत म्हणून मॅडमना जाब विचारायला. कसली वाघीण पोर —

परतली ती शांत होऊन. वितळवलेली नव्हे, पटवलेली. मॅडमनी तिला बसवून घेतलं, चहा दिला. म्हणाल्या, की ताईंना आमच्याच कामाचा त्रास झाला, उपाय आमच्याकडेच आहे, एकच बैठक. तुमची वेळ ताईंना देऊ. फक्त हनुवटी धरायला माणूस हवं. आपल्या माणसाचा हात असला की पेशंट घाबरत नाही.

आणि तिचे हात पाहिले. छान गरम आहेत म्हणाल्या.

२६ एप्रिल

नाही. नाही. मानेने सांगते, हाताने सांगते. आईने खोलीला बाहेरून कडी लावली. आई रडते आहे. चहा तोंडातून परत येतो. श्वास शिटीसारखा वाजतो —

मोजे. तिला निदान रबरी मोजे घाल म्हणून चित्र काढून दाखवलं. हाताचं चित्र, त्यावर मोजा. धाकटी म्हणाली, की हो ताई, धरीन तुझा हात —

२७ एप्रिल

अठ्ठावीस तारीख मीच घेतली होती. माझ्याच हाताने माझ्याच पायावर —

आत सगळ्या जाग्या आहेत. बोलतात एकमेकींशी. उद्या धाकटीकडे जाणार, त्यांना कळलंय. मी ओरडते, तिला हात लावू देऊ नका, माझ्यातच राहा, मी सांभाळते सगळ्यांना, मरेपर्यंत — त्या ऐकत नाहीत. आयुष्यभर त्यांचं कुणी ऐकलं म्हणून त्या माझं —

उजाडलं. दाराची कडी. धाकटी. हसत हसत आली आहे, मला उठवायला —

२९ एप्रिल

आज छान वाटतं. सूज आहे, पण ती उतरेल. मॅडम फार चांगल्या आहेत. खोली स्वच्छ आणि थंड होती.

धाकटीने हनुवटी धरली. तिचे हात गरम आहेत. आई भांग पाडताना धरायची, तसं वाटलं. मी तिचं मनगट पकडलं होतं म्हणे. मला आठवत नाही.

मी आता बाहेर टेबलावर बसेन. माझी जागा तिला देतील. तिने हो म्हटलं आहे, माझ्यावर लक्ष ठेवता येईल म्हणून. लग्न पुढे ढकललं. ठीक आहे.

आधीची पानं चाळली. कुणीतरी फार रागात लिहिलं आहे. अक्षर माझं आहे.

काल परत येताना लिफ्टमध्ये शिंपी भेटला. धाकटी त्याच्यावर ओरडली. माझं शिवणाचं मशीन कुणी विकलं, म्हणाली. मग स्वतःच दचकली आणि तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागली. मी हसले.

आत्ता ती आरशासमोर उभी आहे. गळा चाचपते आहे. मला विचारते आहे, की ताई, हे काय होतंय. रडते आहे बहुतेक.

मला ते माहीत होतं. मागच्या पानांवर लिहिलेलंही आहे. उठून तिला वही द्यावी असं मघाशी वाटलं होतं. आता काही तसं वाटत नाही. तिला एवढंच सांगायचं होतं, की — काय ते आता आठवत नाही.